दुसरा ठसा

लेक घरीच ठसे उमटवून शुभेच्छापत्रं करायची. ताज्या शाईचं ठसठशीत फूल गिऱ्हाइकाच्या कार्डावर उमटायचं. मग त्याच ठशाला पुन्हा शाई न लावता ती आईच्या वाढदिवसाचं कार्ड उरकायची. फूल फिकट यायचं. 'आईच तर आहे, ती थोडीच नावं ठेवणार!'

यंदा कार्ड पोचलं आणि आईचा फोन आला.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले गं. म्हणे डोळे ठणठणीत आहेत. चांगली भांडले मी त्याच्याशी."

"भांडलीस? कशाला?"

"मग काय! तुझी फुलं दरवर्षी जास्तच पुसट दिसतात मला. तुझं कार्डच ठेवलं त्याच्यापुढे. तर म्हणतो, छापच फिकी आहे."

लेकीच्या हातातला ठसा हातातच राहिला.



"मी म्हटलं, माझी लेक मला फिकं कार्ड पाठवेल होय?"