बदकाच्या बदल्यात

"पावती नाहीये," सून म्हणाली आणि तिने पिशवीतून बदक काढून काउंटरवर ठेवलं.

बदक चिनीमातीचं होतं. अंग पिवळंधमक, चोच लालभडक, आणि डोळे कुणीतरी गळा दाबल्यासारखे बाहेर आलेले. फुलं त्याच्या चोचीत खोचायची होती. दुकानदाराने ते उलटं केलं, सुलटं केलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"वाढदिवसाचं?"

"हो. सासूबाईंनी दिलंय. परवाच."

दुकानदाराच्या मागे भिंतीवर पाटी होती, 'पावतीशिवाय माल परत घेतला जाणार नाही.' सून तिकडे बघायचं टाळत होती. मागच्या वर्षी पिसांची जांभळी टोपी घेऊन ती इथेच उभी होती. तेव्हा त्याने पावतीचं नावही काढलं नव्हतं. टोपी ठेवून घेतली आणि स्वेटर दिला. पण माणूस दरवेळी ऐकेलच असं थोडंच असतं?

"बरं, बदल्यात काय देऊ?"

सुनेने खाली बघितलं. चपलेचा तळ तिने गोंद लावून चिकटवला होता, तो पुन्हा सुटायला आला होता. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री करायची. दिवसभर टेबलापाशी उभं. दुपारनंतर टाच अशी ठणकायची, की ती बगळ्यासारखी एका पायावर उभी राहून कॉलर दाबायची. काल जरा खोक्यावर टेकली, तर मुकादम सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बसायचं असेल तर घरीच बसा, बाई. या टेबलासाठी दारात लोक उभे आहेत."

"बूट मिळतील का? मऊ तळाचे? नसेल जमत तर राहू द्या, दादा. खरंच राहू द्या."

दुकानदार काउंटरखाली वाकला आणि त्याने एक खोकं वर काढलं. "नशीब बघा. तुमच्या मापाचा नेमका एक जोड उरलाय."

सुनेने पाय आत घातले. आधी भीतभीत टाच टेकवली, मग सगळा भार टाकला. दाराशी जाऊन आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. तिचे खांदे एकदम खाली आले.

"हे बदकापेक्षा महाग असणार, दादा."

"हाताने रंगवलेलं बदक आहे ते. डोळे बघा की जरा."

दोघंही हसली. हसता हसता सुनेने बदकाकडे बघितलं.

"आईंना कळलं तर वाईट वाटेल हो. या वयात काठी टेकत येतात, एवढ्या हौसेनं घेतात. आणि मी इथे आणून टाकते."

"टोपी कुठे गेली म्हणून विचारलं का त्यांनी कधी?"

"नाही. विसरतात बहुतेक. नजरही अधू झालीय."

"मग ठेवून घ्यायचं ना बदक. घरात एक तोंड वाढलं तर काय बिघडलं?"

"ठेवलं असतं. पण पाय ऐकत नाही." तिने चपला पिशवीत भरल्या. "आणि बरी वस्तू माझ्याकडे टिकत नाही, दादा. यांनी एकदा शाल आणली होती. नणंदबाईंनी अंगावर घेऊन बघितली, ती अंगावरच घेऊन गेल्या. 'तुला कुठे जायचं असतं गं वहिनी,' म्हणाल्या. तेही खरंच होतं."

"दिलीत तुम्ही?"

"नाही कसं म्हणणार? परवा आल्या तेव्हा हे बदकसुद्धा दोनदा उचलून खाली ठेवलं त्यांनी."

"सासूबाई काही बोलत नाहीत?"

"त्या काय बोलणार? एकुलती एक लेक. बघत बसतात." मग लगेच तिला वाटलं, आपण जास्त बोललो. "मनाच्या चांगल्या आहेत हं आई. वाढदिवसाआधी मीच म्हटलं, मला काही नको, सगळं आहे. तरी त्यांनी आणलंच. वाढदिवस लक्षात ठेवणारं माणूस घरात आहे, हे काय कमी आहे?"

दुकानदाराने बदक फडक्याने पुसायला घेतलं. पुसून झालं तरी तो पुसतच राहिला.

"तुमचे उपकार कसे फेडू, दादा? दुसऱ्या कुणी पाटी दाखवून हाकलून दिलं असतं."

"माझे कसले उपकार? मी फक्त या हातचं त्या हाताला देतो."

त्याचा हा मोकळेपणाच तिला आवडायचा. जाताना तिने त्याला हात जोडले. रस्त्याने ती वाकडी वाट करून गेली, उगाचच, चालता येतंय म्हणून.

घरी सासू खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. सुनेने बूट दाराशी, कोपऱ्यात सरकवले. सासूने मान वर केली नाही.

"दमलीस?"

"नाही, आई. आज नाही दमले."

"मग बस जरा. चहा मी टाकते."

सून बसली. बदक कुठे आहे, हा प्रश्न आता येईल, मग येईल, म्हणून तिने कप रिकामा होईपर्यंत वाट पाहिली. प्रश्न आला नाही. एवढ्या साध्या माणसाला आपण फसवतो, असं वाटून तिने सासूच्या हातातले वाटाणे काढून घेतले आणि उरलेले सगळे स्वतः सोलले.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर सासू दुकानात आली. काठी काउंटरला टेकवून तिने दम घेतला.

"नेले का रे बूट?"

"नेले, मावशी. इथूनच घालून गेल्या."

"बसले नीट?"

"अगदी."

सासूने डोळे मिटून घेतले. मग चष्मा पुसून तिने मागच्या फळ्यांवरून नजर फिरवली.

"आता याहून कुरूप काहीतरी दाखव बाबा. बदक माझ्या लेकीला आवडायच्या बेतातच होतं."