सराव-मुलाखत

सकाळचे ऊन आधी समोरच्या घराच्या पत्र्यावर येते, मग कुंपणावर, मग रस्त्यात महिनाभर न हललेल्या एका गाडीच्या काचेवर. आणि तिथून परतून, जणू उसने आणल्यासारखे, सोहमच्या खोलीत शिरते. ऑगस्टचे, म्हणजे इथल्या हिवाळ्याचे ऊन. त्यात ऊब नाही आणि घाईही नाही. पडद्याच्या फटीतून ते टेबलावर एक तिरपी पट्टी ओढते. लॉकडाउनच्या सात आठवड्यांत त्या पट्टीचा रस्ता सोहमला पाठ झाला होता: आधी कप, मग वही, मग टेबलाची कड. पट्टीत धूळ तरंगत होती. घरातली, निरुपद्रवी धूळ. कापसाचे तंतू, कागदाचा भुगा. तो तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. डोळ्यांना दिसते ती धूळ बहुधा नाकातच अडते. फुप्फुसाच्या तळाशी पोचते ती अशा उन्हात दिसत नाही. हे वाक्य अभ्यासाच्या माहितीपत्रकात त्यानेच लिहिले होते.

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला. पुन्हा उठला.

साडेनऊला लॅपटॉपच्या पडद्यावर ऋता आली, वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या आपल्या घरातून, मागे खुर्च्यांवर वाळत घातलेले कपडे. वॉलॉंगॉंगच्या विद्यापीठातल्या ज्या अभ्यासात दोघे काम करत होते, तो स्वयंपाकघरातल्या ओट्यांचे कृत्रिम दगड कापणाऱ्या कामगारांचा होता. त्या दगडाच्या भुकटीने त्यांच्या फुप्फुसांचे काय झाले, ते शोधायचे होते. प्रयोगशाळा बंद असल्यामुळे सोमवारपासून मुलाखती फोनवर होणार होत्या. त्याआधी, नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, दोघांनी एकमेकांची सराव-मुलाखत घ्यायची होती. विचारणाऱ्याने प्रश्नातला शब्दही बदलायचा नाही. उत्तर देणाऱ्याने एक कामगार मनाने रचायचा.

बोलायला सुरुवात करतानाच सोहमला खोकल्याची उबळ आली. ऋता थांबली. कालच टेस्ट केली, निगेटिव्ह आहे, असे त्याने सांगितले.

“कितवी?”

“सहावी.”

“तिथली नर्स आता तुला नावाने हाक मारत असेल.”

तो हसला. निगेटिव्हचा निरोप फोनवर आला की पुढचे दोन दिवस त्याला छाती हलकी वाटत असे. तिसऱ्या दिवशी नव्हे.

या वेळी जरा अवघड माणूस हो, असे ऋताने बजावले. मागच्या वेळी तो इतका गुणी कामगार झाला होता, की विचारता विचारता तिलाच पेंग आली होती.

“तुमचं नाव?”

“भास्कर. वय बावन्न. लवकर आटपा, मला वेळ नाही.”

“छान. असाच वैतागलेला राहा.”

पहिल्या दहा प्रश्नांना भास्करने तुसडी उत्तरे दिली. मालक देवमाणूस होता, फक्त पगाराच्या दिवशी तो देवासारखाच अदृश्य व्हायचा. ऋता हसू दाबून टाइप करत होती. मग भुकटी दाबून ठेवणाऱ्या पाण्याबद्दलचा अकरावा प्रश्न आला.

“दगड कापताना पाणी सोडत होतात का?”

“कधी कधी.”

“कधी कधी म्हणजे?”

“तपासणीला कुणी आलं की. एरवी कोरडंच. सिंकचं भोक पाडताना पाणी सोडलं तर पेन्सिलची खूण पुसली जाते. मग माप चुकतं, आणि अख्खा दगड फुकट जातो.”

सोहम तिथे थांबला नाही. दगड कापताना जळक्या प्लास्टिकचा वास येतो, असे तो सांगू लागला. दुपारपर्यंत पापण्या पांढऱ्या होतात. डबा खाण्याआधी हवेच्या नळीने एकमेकांच्या अंगावरची भुकटी उडवायची, आणि त्या ढगात कोण म्हातारा दिसतो म्हणून हसायचे. रविवारी संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल करायच्या आधी केस दोनदा धुवायचे, कारण आईला युनिव्हर्सिटीच्या वाचनालयातली नोकरी सांगितलेली होती.

ऋताची बोटे थांबली.

“बावन्न वर्षांच्या माणसाला,” तिने सावकाश विचारले, “आईपासून नोकरी लपवावी लागते?”

उन्हाची पट्टी वहीवरून सरकून टेबलाच्या कडेला ठेवलेल्या पाकिटावर आली होती. दगड कापण्याचे काम केलेल्या प्रत्येकाच्या छातीचा स्कॅन मोफत होईल, असे पत्र त्यात होते. तशी त्रेसष्ट पत्रे सोहमने स्वतः पत्ते घालून पोस्टात टाकली होती. हे चौसष्टावे महिनाभर तिथेच होते. त्यावर नाव नव्हते. रोज सकाळी तो त्यावर कप ठेवी, आणि रोज उचलून पुसून घेई.

थांबू या का, असे ऋताने हलक्या आवाजात विचारले. त्याने मानेनेच नाही म्हटले.

“पुढचा प्रश्न विचार.”

ती फॉर्मकडे पाहत छापल्याप्रमाणे वाचू लागली. “सध्या तुम्हाला खोकला असल्यास, तो...” मग तिने मान वर केली. “सोहम, हा खोकला केव्हापासून आहे तुला?”

उत्तर त्याच्याजवळ तयार होते. हिवाळा, बंद खोली, समुद्रावरचा वारा, दिवसभराचा मास्क. ते त्याने डॉक्टरांना, आईला आणि टेस्टच्या रांगेतल्या नर्सला अनेकदा दिले होते. त्याने पाकीट पालथे केले, पुन्हा सुलटे केले.

“कोविडच्या आधीपासून,” तो म्हणाला.