डब्यातला शेवटचा लाडू

पडेगावच्या घरात आठ दिवस एकच घोर होता. योगिनी बाळाला सारखं छातीशी धरायची, पण दूध काही उतरत नव्हतं. सासूबाई द्वारकाबाई रोज सकाळी अळीव घातलेलं दूध आणि डिंकाचा एक लाडू तिच्या हातात द्यायच्या.

"खाय गं बाई. लेकराला लावत राहय, येतंय दूध."

नवव्या दिवशी पान्हा फुटला. बाळ पहिल्यांदाच पोटभर पिऊन झोपलं. डोळे पुसत द्वारकाबाईंनी डब्यातला शेवटचा लाडू आणला. योगिनीनं तो परत डब्यात ठेवला.



"राहू द्या, आत्याबाई. उद्या याच्या आईच्या दहाव्याला ठेवू. थोरल्या जाऊबाईनं हे लाडू स्वतःच्या बाळंतपणासाठी वळले होते, तिला एकबी खायला मिळाला नाय."