बशीतला चहा

नवऱ्याला, आनंदरावांना जाऊन दीड वर्ष झालं होतं, तरी ते कामाला असलेल्या प्लांटची पहिली पाळी सुटायच्या वेळेला रुक्मा अजून दोन कप चहा मांडायची. आज तिच्या मुलानं, प्रफुलनं, तिच्यासाठी नवा फोन आणला होता. जुन्या आणि नव्या, दोन्ही फोनमधून त्यानं त्याच दोन कपांचा फोटो काढला.

“हे पाय आई, कॅमेऱ्यात किती फरक आहे!”

“मले त दोन्ही सारखेच दिसून राहिले.”

प्रफुलनं फोटो मोठे करून पाहिले. जुन्या फोनमध्ये बाबांचा कप काठोकाठ भरलेला होता. नव्या फोनमध्ये तो अर्धाच होता, आणि उरलेला चहा बशीत ओतलेला होता. बाबा तसाच प्यायचे.

त्यानं टेबलाकडे पाहिलं. कप भरलेला होता, बशी कोरडी होती.

त्यानं नव्या फोननं पुन्हा फोटो काढला. आता फोटोतली बशी रिकामी झाली होती.

रुक्मानं तो फोटो कितीतरी वेळ निरखला. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून ती लाडानं म्हणाली, “बशी हळू ठेवा न. पोरगा भेऊन राहिला.”

टेबलावर बशी ठेवल्याचा तो आवाज आपल्या एकट्यालाच येतोय, असं प्रफुलला तोवर वाटत होतं.