डाव्या हाताला पाणकावळा

"झाला रिकामा," म्हणत उदारामनं कंबर सरळ केली.

डोंग्यात अजून दोन दगड होते. डोंगा वापरात नसला, की दगड भरून काठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे लाकूड तडकत नाही, ही त्यांची बापजाद्यांपासूनची रीत. उदारामनं आत चाचपून चाचपून दगड काढले, पण हे दोन त्याच्या हाताला लागलेच नाहीत. त्याच्या बायकोनं, जमुनाबाईनं, ते उचलले आणि आवाज होऊ नये म्हणून अलगद पाण्यात सोडले.

म्हातारा खोकल्यानं घरी बसला, असं गाव समजत होतं. पण या हिवाळ्यात त्याचे डोळे गेले होते. समोरचा तांब्या त्याला सापडत नव्हता. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि आपल्याला कळलंय हे तिनं त्याला कळू दिलं नव्हतं. मुलानं, लोकेशनं, गोंदियाहून एसटीडीवर फोन करून सांगितलं होतं, वय झालं, डोंगा आता पुरे करा. उदारामनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

इटियाडोह धरणाचं पाणी उन्हाळी धानाला सुटलं की त्यांच्या गावाकडचा काठ उघडा पडतो. मग सगळे ढिवर मासेमार आपापले डोंगे काठाकाठानं दक्षिणेच्या खोल पाण्यात नेतात. तिथल्या घाटावर मच्छीमार संस्थेचा बकाराम येणारा प्रत्येक डोंगा डोळ्यांत तेल घालून पाहतो. धरणात बुडालेल्या जंगलाचे खुंट पाण्याखाली अजून उभे आहेत, कुठं कुठं टोक तेवढं वर दिसतं. दोन वर्षांपूर्वी एक जण असल्याच खुंटावर आदळून बुडाला. तेव्हापासून बकारामचं एकच म्हणणं, डोंग्यात पाहणारे डोळे नसतील तर घाटावर जागा नाही. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण जागा गेली तर हा माणूस ओसरीवर माशा मारत बसणार आणि वर्षाच्या आत संपणार, हे जमुनाबाईला दिसत होतं. त्याला डोंगा न्यायचा होता, तर तो नेणारच. मग तो नीट पोचवायचा, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं.

"मीपन येतो," ती म्हणाली. "माही बहीन आहे ना तिकडं."

उदाराम नुसता हुंकारला.

ती पुढं बसली आणि तिनं तोंडाचा पट्टा सोडला. मागं उभा राहून उदाराम बांबू टेकत होता. खुंटावर पाणकावळे बसतात, हे तिथं पोरासोरालाही ठाऊक. म्हणून ती खुंटाचं नावच काढत नव्हती.

"अगा बाई, डाव्या हाताले पाणकावळा बसून राहिला."

डोंगा उजवीकडं सरकला.

"आता उजव्या हाताले. दोन हायेत जी."

डोंगा डावीकडं आला. जिथं पाणकावळा नव्हता, तिथंही तिनं तो बसवला. लग्न झाल्यापासून हा माणूस तिला पाण्यावर बोलू देत नव्हता. मासे पळतात, चूप बस, म्हणायचा. आज त्यानं एकदाही दटावलं नाही. एवढंच म्हणाला, "यंदा पाणकावळे लय झाले वो."

घाट आला. बकाराम काठावर मोहाच्या झाडाखाली उभा होता, मागं दहाबारा माणसं. घाटाच्या तोंडाशीच एक मोठा खुंट होता. जमुनाबाईनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इथून तिचा शब्द न् शब्द काठावर ऐकू जाणार होता. बोललं तर बकारामला कळणार, न बोललं तर डोंगा फुटणार.

उदारामनं बांबू तळाशी रोवला. डोंगा जागच्या जागी थांबला.

"कायले थांबला गा, उदारामभाऊ?" बकारामनं हाक दिली.

उदाराम बोलला तो बायकोशी. आवाजही लहान केला नाही.

"बोलत राय ना वो, लोकेशची माय. तू चूप झाली का मले काहीच दिसत नाही."

जमुनाबाईच्या डोळ्यांना धार लागली. म्हणजे याला पहिल्या पाणकावळ्यापासून सगळं माहीत होतं! बकारामनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो पाण्यात उतरला.

"बोला ना वयनी," तो म्हणाला. "मोहाखालची जागा तुमचीच आहे. सांगा भाऊले, कोनीकडून आनाचं ते."