त्र्याहत्तरावं लागलेलं हृदय

काचेच्या दोन भांड्यांत दोन हृदयं होती. सुलक्षणाच्या तीन महिन्यांच्या मुलाच्या पेशींपासूनच ती वाढवलेली होती आणि त्यांच्यातला जन्मजात दोषही त्याच्यासारखाच होता. डॉक्टर मुजुमदारांनी प्रत्येकावर वेगळी शस्त्रक्रिया केली आणि मग दिवसाला दोन वर्षं अशा वेगानं त्यांचं वय वाढवत नेलं.

सुलक्षणाला पहिल्यापासून सोपी शस्त्रक्रिया हवी होती, खालच्या दोन कप्प्यांपैकी एकावरच काम भागवणारी. दुसरीत दोन्ही कप्पे दुरुस्त करायचे, म्हणजे बाळ आठ तास टेबलावर.

पण सोपी शस्त्रक्रिया केलेलं हृदय सव्विसाव्या वर्षीच थांबलं. त्या दिवशी तिला घास गेला नव्हता.

आज डॉक्टर दुसऱ्या भांड्यापाशी उभे होते. "याला त्र्याहत्तरावं लागलंय," ते म्हणाले. "जिना चढण्याएवढा ताण दिला की जरा दमतं."

सुलक्षणा त्या संथ ठोक्यांकडे बघत राहिली आणि मग तिला हसूच फुटलं. "या वयात दमणारच की हो."

तिनं दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या कागदावर सही केली आणि बाहेर येऊन नणंदेला फोन लावला. नाव आत्यानं ठेवायचं, पण भीतीपोटी सगळ्यांनी बारसंच लांबवलं होतं.

"वन्सं, ऑपरेशन झालं की बारसं करू," ती म्हणाली. "फक्त नाव असं शोधा, की म्हातारपणीही शोभेल."