ठेवली!

आमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात चौघांत मिळून हॉट-एअर गन एकच. उचलताना ‘घेतली!’, स्टँडला अडकवताना ‘ठेवली!’ असं ओरडायचं, हा थोरल्या बहिणीचा नियम.

तीन दिवस गन थंडगार होती.

“टाक भंगारात,” ताई म्हणाली.

मी हट्टाला पेटलो. जळलेला हीटर बदलला, तुटलेली वायर जोडली, बटण दाबलं. तापमानाचा आकडा सरसर चढत साडेतीनशेवर गेला. दुकानात टाळ्या!

गरम वारा सोडणारी गन उंचावून मी ऐटीत उभा राहिलो.

मागे स्टँडवर खट् झालं.

“ठेवली!”

आवाज माझा होता. मी तोंड उघडलंच नव्हतं.

“मानलं बाबा तुला! घेतली!” म्हणत ताईनं स्टँडवरून गन उचलली.

माझ्या हातातली अजून फुरफुरत होती.